योहानचं अर्धं वाक्य

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आमच्या चर्चच्या पाळकांनाही नाही. तुम्हाला सांगतोय.

शारजातल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत दर शुक्रवारी दुपारी बायबलचा अभ्यास मी घेतो. नऊ वर्षं झाली. ऑफिस दुबईत, जुमेरा लेक टॉवर्सला, दिवसभर प्रेझेंटेशन्स, त्यामुळे बोलायला बरं जमतं. लोक ऐकायचे. मग योहान आला.

योहान जालन्याकडचा, इथल्या औद्योगिक क्षेत्रात वेल्डर, आठवी शिकलेला. अडखळत बोलायचा. पण अभ्यास संपला की बायका माझ्याकडे नाही, त्याच्याकडे जायच्या — "दादा, आमच्यासाठी प्रार्थना कर." मला ते टोचलं. किती? — खूप.

तेव्हा मी शिकवत होतो, करिंथच्या मंडळीत खोटे शिक्षक घुसले आणि प्रेषित पौलाला आपला अधिकार कसा राखावा लागला ते. गंमत बघा — पौल तंबू शिवून पोट भरायचा, आणि त्याला बोलता येत नाही असं विरोधक म्हणायचे. छान बोलणारे ते होते. हे मी शिकवत होतो, आणि मला दिसत नव्हतं? दिसत होतं.

त्याच दिवसांत एका शुक्रवारी अभ्यासात योहान म्हणाला, "पाळक नसले तरी देव ऐकतो. पण पाळक हवेतच, एकटा माणूस भरकटतो."

मी पाळकांना अर्धंच सांगितलं. "पास्टर, योहान शिकवतोय की पाळकांची गरज नाही. असेच तर खोटे शिक्षक सुरुवात करतात."

त्यांनी त्याला बोलावलं. मी शेजारीच बसलो होतो. योहान माझ्याकडे वळला. "दादा, मी असं म्हटलं का?"

एवढंच विचारलं त्यानं. तेव्हाही बोलता आलं असतं — नाही का?

"मला तर तसंच ऐकू आलं," मी म्हणालो.

तो म्हणाला, "मग माझंच बोलणं चुकलं असणार. मला नीट बोलता येत नाही."

माझ्या शब्दावर त्यानं विश्वास ठेवला. स्वतःच्या आठवणीवर नाही.

मंडळीत प्रार्थना करायला, बोलायला त्याला मनाई झाली. लोक मला म्हणाले, "तुम्ही वेळेवर सावध केलंत." मी म्हणालो, "देवाची कृपा." योहान मागच्या खुर्चीवर बसू लागला. बायका त्याच्याशी बोलेनाशा झाल्या.

पुढे कंपनीचं काम संपलं, त्याचा व्हिसा कॅन्सल झाला. जायच्या आदल्या शुक्रवारी तो माझ्याकडे आला. "दादा, माझ्यासाठी प्रार्थना करा. माझ्या तोंडून परत काही चुकीचं जाऊ नये."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आणि प्रार्थना केली — त्यानं मागितली तीच, चांगल्या शब्दांत. तो रडला. आमेन म्हणाला.