सुयांनंतरची गोळी

आमच्या घरातली पहिली पदवी माझी, तीही जीवशास्त्राची. हे मी कुणी न विचारताही सांगते. शिकवायला चंद्रपुरात खोली करून एकटी राहते, तेही सांगते. फक्त आजाराचं सांगायला मला माणूस सापडत नाही.

सकाळी बोटांचे सांधे लाकडासारखे होतात. अंगाची राखण करणाऱ्या पेशीच माझ्या सांध्यांवर तुटून पडतात. त्यांना आवरायला आठवड्याला एक गोळी आहे. स्टाफरूममध्ये हे ऐकून एक मॅडम म्हणाल्या, "मग इम्युनिटी वाढव ना, आवळा खा." प्रतिकारशक्तीचा धडा मी वर्गात शिकवते. तरी मान डोलावली आणि डबा उघडला.

दुखणं सोसेना तेव्हा अॅक्युपंक्चर करणाऱ्या डॉक्टरबाईंकडे गेले. दारावर पाटी होती, 'प्रतिकारशक्ती वाढवा'. मी सरळ म्हटलं, "माझी वाढलेलीच आहे मॅडम. तीच तर भानगड आहे."

त्या हसल्या. "पाटी रंगवणाऱ्यानं सुचवलं ते. सुयांनी दुखणं कमी होऊ शकते. प्रतिकारशक्तीवर परिणाम होते का, त्यावर अभ्यास सुरू आहे, पक्कं मी नाई सांगणार. गोळी मात्र सोडायची नाई."

केसासारख्या बारीक सुया मनगटाला, गुडघ्याखाली टोचून त्या पडदा ओढून जायच्या. पलीकडे लोक आपापल्या माणसांशी बोलायचे. "झालं का व?" "थांब ना, सुया हायेत अजून." मी छताकडे बघत पडून राहायची. हलायचं नसतं.

काही आठवड्यांत दुखणं खरंच उतरलं. रक्ताचा रिपोर्ट मात्र पहिल्यासारखाच आला. आतली सूज जिथल्या तिथं.

उन्हाळ्यात पोंभुर्ण्याकडे गावी गेले. तेंदूचा, म्हणजे विडीच्या पानांचा हंगाम. पहाटे जंगलातून पानं तोडून आणायची नि अंगणात बसून त्यांची पुडकी बांधायची. माणूस बरा की आजारी, हे आमच्याकडे पुडक्यावरून ठरतं. मागच्या साली मला दोरी आवळता आली नाही, तेव्हा मायनं माझ्यापुढची पानं उचलून नेली होती. यंदा मी बांधलं. मायनं ते उलटं करून झटकलं. एक पान निसटलं नाही.

"झाली का नाई बरी त्या सुयांनी! आता फेक त्या गोळ्या."

"दुखणं गेलं माय, बिमारी नाई गेली."

"मंग पुडकं कोणं बांधलं, बिमारीनं?" शेजारची काकू खो-खो हसली. मीही हसले.

"रिपोर्टात हाय अजून."

"मले गोंदणारीनं एवढ्या सुया टोचल्या, मी खाल्ली का गोळी कधी? शिकून तू भेकड होऊन राह्यली."

भेकड हे लागलं. म्हणून खरं ते सांगून टाकलं, "बाहेरून काई नाई आलं माय. माझं अंगच मले खाऊन राह्यलं."

तिचे हात थांबले. "कोणाची नजर हाय, थे सांग."

"कोणाचीच नाई."

"असं अंग आमच्यात कोणाचं नाई," ती म्हणाली. काकू खाली बघून पानं जुळवू लागली.

त्या दिवशी गोळीचा वार होता. जेवल्यावर पाकीट काढलं. माय माठाजवळच बसली होती. एरवी माझा घास अडकायच्या आत लोटा पुढं करणारी बाई, सुपातले तांदूळ निवडत राहिली. मी तिच्या बाजूनं वाकून माठात लोटा बुडवला आणि उभ्यानंच गोळी गिळली.