सुकाणूच्या नळ्या

आमच्या गॅरेजमध्ये गाडी मावत नव्हती, कारण तिथे दोन माणसांची प्लायवूडची कयाक तयार होत होती. पुढची जागा आईची. ती सहा महिन्यांसाठी पुण्याहून आमच्याकडे परदेशात, रोटोटुनाला आली होती, गुरुवारी परत निघणार होती आणि त्याआधी या होडीत बसणार होती. ‘पूर्ण झाली तर,’ असं मी म्हणायचो. त्यातलं ‘तर’ तिला ऐकू येत नसे.

शनिवारी होडीचं वरचं झाकण चिकटवायचं होतं. त्याआधी आत दोन नळ्या बसवायच्या होत्या. पायाखालच्या पट्ट्यांपासून मागच्या सुकाणूपर्यंतच्या तारा या नळ्यांतून धावतात. नळी जागची सुटली, तर पाय दाबल्यावर नळीच वाकते आणि सुकाणू ढिम्म हलत नाही. झाकण लागल्यावर तिथे हात पोचत नाही.

वस्तूच्या नावाआधी ‘मरीन’ लागलं की तिचा रुबाब वाढतो, गुण तेवढेच राहतात, हे माझं जुनं मत. शिवाय मी पुण्याचा. तेव्हा बागकामाच्या दुकानातून ठिबक सिंचनाची बारीक काळी नळी आणली, एपॉक्सीने चिकटवली आणि ती आतून किती गुळगुळीत आहे यावर आईला छोटंसं व्याख्यानही दिलं.

शुक्रवारी सकाळी ती चहा घेऊन आली. एपॉक्सी मी दह्याच्या रिकाम्या डब्यात कालवतो. उरलेली त्यातच दगडासारखी होते आणि डबा पिळला की सबंध वडी टपकन बाहेर पडते. ते मी तिला कौतुकाने दाखवलं.

तिने डबा हातात घेतला, मग नळीचं उरलेलं वेटोळं चाचपलं.

“दोन्ही सारखेच मेणचट लागतायत रे.”

“प्लास्टिकच आहे दोन्ही.”

“मग डब्याला जे चिकटत नाही, ते नळीला का चिकटेल?”

तिने होडीत वाकून नळीचं टोक नखाने उचललं आणि घेवड्याची शीर काढावी तशी सबंध नळी सोलून माझ्या हातात दिली.

“व्याख्यान छान होतं,” ती म्हणाली.

दुपारी ट्रकच्या ब्रेकसाठी वापरतात ती नायलॉनची नळी आणली. आईने ती पॉलिशपेपरने बाहेरून पार खरखरीत केली. एपॉक्सीत लाकडाचा भुसा कालवून मी ती बसवली, वरून फायबरग्लासच्या कापडाच्या पट्ट्या लावल्या. शनिवारी सकाळी आईने दोन्ही नळ्या दोन्ही हातांनी ओढून पाहिल्या. हलल्या नाहीत. मग झाकण लागलं. रंग राहिला.

बुधवारी भरतीच्या वेळी रॅग्लनच्या खाडीत आम्ही होडी उतरवली. काठ जरा दूर गेल्यावर मी डावा पाय दाबला. होडी निमूटपणे डावीकडे वळली आणि किनाऱ्याकडे तोंड करून चालू लागली.

“वळव म्हणाले का मी?” आई पुढून म्हणाली. “चालतंय, कळलं. आता सरळ ने.”