नानकिंगचं बदक

पन्नासच्या दशकात बंगळूरच्या रेशीम व्यापाऱ्यांचं एक मंडळ चीनला निघालं. आमच्या चिकपेटेतल्या दुकानातर्फे खरं तर अण्णा, म्हणजे माझे वडील, जायचे होते. पण बोटीचं नाव काढलं की त्यांना घरी बसल्या जागी मळमळायचं. म्हणून सव्वीस वर्षांचा मी गेलो.

यांगत्से नदीकाठचं नानकिंग मला पाहताक्षणी आवडलं. जुना तट इतका रुंद, की वरून दोन बैलगाड्या आरामात शेजारी शेजारी जाव्यात. सकाळभर तटावर हिंडून सपाटून भूक लागली. आमच्या दुभाषी बाईंना मी तीनदा सांगून ठेवलं होतं, मांस नको, मासे नको, अंडंसुद्धा नको. त्यांनी प्रत्येक वेळी मान डोलावली होती. आणि पुढ्यात आलं बदक! तांबूस, तुकतुकीत, नीट काप करून मांडलेलं.

"हे बदक आहे," मी म्हणालो.

"नाही, बदक नाही."

"मग काय आहे?"

बाईंनी इंग्रजी शब्द बराच वेळ शोधला. "शाकाहारी बदक."

मंडळी हसू दाबू लागली. मी खुर्ची मागे सरकवली. बाईंचा चेहरा पार उतरला. त्या आत गेल्या आणि म्हाताऱ्या आचाऱ्यालाच घेऊन आल्या. त्याने एक काप उचलून माझ्या डोळ्यांसमोर त्याचा एकेक पापुद्रा सोडवला. सोयाबीनच्या दुधावरची साय वाळवून, घडीवर घडी घालून तळलेली. अर्धा काप त्याने स्वतः खाल्ला, अर्धा मला दिला. मी डोळे मिटून तोंडात टाकला. पुढचे काप मात्र डोळे उघडे ठेवून, भराभर संपवले. आचारी कमरेवर हात ठेवून बघत राहिला. मग त्याने एका चिठ्ठीवर चिनी अक्षरांत माझं पथ्य लिहून दिलं.

दुपारी मी एकटाच कापडबाजारात गेलो. एका दुकानात मोरपंखी रंगाचं जरीकाम दिसलं, असं की आमच्या दुकानातल्या साड्या मला एकदम फिक्या वाटल्या. भाव विचारायला बाईंनी दिलेला कागद पुढे केला. दुकानदाराने तो वाचला, कापडाकडे पाहिलं, पुन्हा वाचला आणि गंभीरपणे नकारार्थी मान हलवली. तेव्हा कळलं, मी आचाऱ्याची चिठ्ठी दिली होती. या कापडात मांस, मासे, अंडी काही नाही, अशी त्या भल्या माणसाने मला खात्री दिली होती! आम्ही दोघं इतके हसलो, की शेजारचे दुकानदार बघायला आले. दोन वार कापड घेतलं.

दुसऱ्या दिवशी आगगाडीचे डबेच बोटीवर चढवून आम्हाला नदीपार नेलं. कठड्याशी उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं, "तुमच्या शहरातली नदी केवढी आहे?"

"आमच्याकडे नदी नाही."

"मग शहर वसलं कसं?"

मी त्यांना हेब्बाळच्या तळ्याबद्दल सांगू लागलो, आणि पलीकडचा काठ येईपर्यंत ते तळं बरंच मोठं झालं होतं.