नातीसाठी घेतलेली लस

गावात फ्लूची साथ होती, म्हणून मी लस घ्यायला दवाखान्यात गेले होते. माझ्यापुढे सत्तरीतले एक आजोबा सुनेबरोबर बसले होते. कधीकाळी तालमीत घुमलेला माणूस. दंड अजून भरदार. ते नर्सबाईंना सांगत होते, "मी रोज पहाटे टेकडी चढतो, भाजी-भाकरी खातो, वेळेवर झोपतो. मला कशाला हवी सुई?"

"ते सगळं चालूच ठेवा, आजोबा," नर्सबाई म्हणाल्या. "पण घरात तान्हं बाळ आहे ना?"

सून हळूच म्हणाली, "आप्पा, छकुली दोन महिन्यांची आहे. तिला ही लस अजून देता येत नाही. तिला आपणच जपायचं."

आप्पांनी सदऱ्याची बाही वर सारली, डोळे घट्ट मिटले आणि सुनेचा हात धरला. नर्सबाईंनी सुई टोचली.

मी पाहतच राहिले. आता त्यांचं शरीर, त्यांच्या नकळत, कधी न भेटलेल्या शत्रूची ओळख करून घेणार होतं. ते झोपले तरी हे काम थांबणार नव्हतं. आणि त्याचा आधार पाळण्यातल्या त्या जिवाला होणार होता, ज्याला अजून आजोबा म्हणजे कोण हेही ठाऊक नव्हतं. केवढं हे नवल!

"आता घरी गेल्यावर तिला उचलून घेऊ ना?" आप्पांनी विचारलं.

"लस अंगात मुरायला दोनेक आठवडे लागतात. आणि तेव्हाही आधी हात धुवायचे," नर्सबाई म्हणाल्या.

"मुरू दे," आप्पा म्हणाले. "तोवर दारातूनच बघीन तिला."