न घातलेली पोलकी

आज सकाळी भाताची पेज गाळून सुती ओढणीला खळ घातली. तो आंबूस-गोड वास घरभर पसरला आणि दुबईजवळच्या रास अल खैमातली माझी कोरियन शेजारीण आठवली. तिच्या बाल्कनीत वाळणाऱ्या कापडांनाही नेहमी हाच वास असायचा. आमचे नवरे एकाच सिरॅमिकच्या कारखान्यात. ते कामावर गेले की समोरासमोरची दारं उघडायची आणि मोडक्या इंग्रजीत आमचं छान गूळपीठ जमायचं.

एकदा तिने एक पेटी उघडली. आत तागासारख्या पातळ कापडाची पांढरी पोलकी, चढत्या मापाची, एकही कुणी कधी घातलेलं नव्हतं. कोरियाच्या युद्धात तिची आजी दक्षिणेकडे पळून आली, थोरली लेक उत्तरेत राहिली, ती सीमा बंद झाल्यावर राहिलीच. दर वर्षी आजी त्या लेकीच्या वाढत्या अंगाच्या अंदाजाने एक पोलकं शिवायची. बोलायची मात्र काहीच नाही. तिच्यामागे पेटी धाकट्या लेकीकडे, म्हणजे शेजारणीच्या आईकडे आली. आईने ती कधी उघडली नाही, टाकलीही नाही. आता ती पोलकी उसवून, तुकडे जोडून शेजारीण दुबईतल्या प्रदर्शनासाठी एक मोठं वस्त्र करणार होती. पण कात्री उचलली की ती पुन्हा खाली ठेवायची. “यू कट, प्लीज,” ती म्हणाली. मनात देवाचं नाव घेऊन पहिली शिवण मी उसवली.

वस्त्र पुरं झालं आणि नेमकी तिची आई भेटीला आली. “मम्मी रागावली तर खलास!” म्हणत शेजारणीने धीरासाठी मला बोलावून घेतलं. खिडकीत टांगलेल्या वस्त्रातून ऊन झिरपत होतं. म्हातारी जवळ गेली, शिवणींवरून बोट फिरवत राहिली आणि लहान मुलीसारखी रुसक्या आवाजात काहीतरी बोलली. लेकीने रडतरडत मला सांगितलं, “ती म्हणते, मी तर आईच्या डोळ्यांसमोर होते. मला एकही शिवलं नाही.”

सत्तरीच्या बाईने हे पहिल्यांदाच बोलून दाखवलं होतं. शेजारणीने वस्त्र खाली काढलं आणि आईच्या खांद्यांवर घातलं. प्रदर्शनाला ते गेलंच नाही; म्हातारी ते लपेटूनच परतली.

त्या दुपारी त्यांनी मला परकी मानलं नाही, याचे उपकार फार मोठे आहेत. दूर गेलेल्याची वाट पाहणाऱ्या घरात जवळचं माणूस किती सहज नजरेआड होतं, हे मला तिथे दिसलं. संध्याकाळी मी पुण्याला, आईला सांभाळणाऱ्या धाकट्या बहिणीला फोन लावला.

“थांब हं ताई, आईला देते,” ती सवयीने म्हणाली.

“नको गं. तुझ्याशीच बोलायचंय.”