सुभेदारांचा पाय

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. फलटणकडच्या आमच्या गावातून दवाखान्यात शिकायला गेलेली मी पहिलीच मुलगी. दवाखाना मिशनचा, सांगलीच्या बाजूला. निघताना आईनं दोनदा बजावलं होतं, "मन लावून शीक, पण आपला देवधर्म सोडू नको." वडिलांनी माझी ट्रंक एसटीच्या टपावर चढवून दिली, तेवढंच.

पुरुषांच्या वॉर्डात माझी ड्यूटी लागली आणि त्याच आठवड्यात एक म्हातारे सुभेदार दाखल झाले. फौजेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, घरी उसाची शेती. ऊस तुटलेल्या रानात पायात धसकट घुसलं. शुगरमुळे पाय बधिर, त्यामुळे त्यांना कळलंच नाही आणि जखम चिघळत गेली. दोन बोटं काढावी लागली. रोज सकाळी तो पाय कोमट पाण्यानं धुऊन पट्टी करायचं काम माझ्याकडे आलं.

पट्टी सोडली की वास यायचा. पहिल्याच दिवशी मी घमेलं घेऊन गेले, तर सुभेदारांनी पाय आखडून घेतला.

"नगं पोरी. तू माझ्या भाचीसारखी. भाचीच्या पाया मामानं पडायचं असतंय. तू माझ्या पायाला हात लावलास तर मला पाप लागंल."

आमच्याकडेही हीच रीत. मला त्यांचं म्हणणं पटलं आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. मी वरची पट्टी तेवढी बदलली आणि कागदावर 'ड्रेसिंग केले' असं लिहून मोकळी झाले. असे तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी आमच्या मोठ्या सिस्टर राउंडला आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, ख्रिस्ती घरातल्या. त्या कधी आवाज चढवत नसत. पट्टी सोडून त्यांनी पाय पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"आजोबा नको म्हणतात," मी पुटपुटले.

"कोमट पाणी आण," एवढंच त्या म्हणाल्या. मग स्टुलावर बसल्या, मांडीवर टॉवेल टाकला आणि सुभेदारांचा पाय त्यावर घेतला.

"आवं सिस्टर, तुमी कशाला? तुमी तर हितल्या मोठ्या."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या आणि पाय धुता धुता सांगू लागल्या, "आमच्या शास्त्रात एक प्रसंग आहे. येशूला धरून नेलं, त्याच्या आधीचं ते शेवटचं जेवण. शिष्य धुळीच्या वाटेनं आलेले, सगळ्यांचे पाय मळलेले. तेव्हा गुरूच पानावरनं उठला, कमरेला पंचा बांधला आणि एकेकाचे पाय धुवायला बसला."

"गुरू?" माझ्या तोंडून निघून गेलं. आमच्याकडे शिष्यानं गुरूचे पाय धुवायचे असतात.

"हो, गुरू. त्यात एक शिष्य अडून बसला. तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत, म्हणाला."

सुभेदारांनी मान वर केली. "माझ्यासारखाच आडमुठा म्हनायचा. मग?"

"मग गुरू म्हणाला, मला धुऊ दिले नाहीस तर तुझा-माझा संबंध राहायचा नाही. तेव्हा कुठे तो कबूल झाला. सगळ्यांचे धुऊन झाल्यावर गुरूनं सांगितलं, मी तुमचे धुतले, तसे आता तुम्ही एकमेकांचे धुवा."

सिस्टर गॉजनं जखम टिपत होत्या.

"आमचा कंपनी कमांडर बी लांबचा मार्च झाला की बूट काढायला लावायचा," सुभेदार म्हणाले. "खाली बसून एकेकाचा पाय बघायचा. लय लाज वाटायची आमाला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उद्यापासनं तू धू पोरी. पापाचं बघू म्होरं."

नंतर सामान धुताना मी सिस्टरांना सगळं कबूल केलं. कागदावर खोटं लिहिलं तेही आणि किळस येते तेही. खोट्याबद्दल त्यांनी चांगलंच सुनावलं. किळसेबद्दल म्हणाल्या, "मलाही येते. इतकी वर्षं झाली, अजून येते. येईना का. हात थांबवायचा नाही."

दीड महिना मी तो पाय धुतला. सुरुवातीला श्वास रोखून, मग त्यांच्याशी गप्पा मारत. एके सकाळी जखमेच्या कडेला गुलाबी मांस दिसलं, तेव्हा मी वॉर्डभर सांगत सुटले.

त्याच सुमारास वडील मला भेटायला आले. मी सुभेदारांच्या पायाशी बसलेली होते. वडील दारात थांबून बघत राहिले. आता हे काय म्हणतील या विचारात मी पट्टी बांधून उठले. पण आईनं दिलेला लाडवांचा डबा हातात देताना ते म्हणाले, "आईला सांगतो, पोरगी चांगलं शिकतीया म्हणून."

सुभेदार बरे होऊन घरी गेले. पुढच्या वर्षी सुट्टीत मी साताऱ्याजवळच्या त्यांच्या गावी गेले. ते ओसरीवर बसले होते, पायात मोजे आणि बूट. मी बूट काढायला लावून पाय पाहिला. जखमेची नुसती खूण राहिली होती.

त्यांची बायको चहा घेऊन आली आणि तक्रार करू लागली. "काय सांगू पोरी, ती गोष्ट सांगत गावभर फिरत्यात. देवळात, सोसायटीत, सगळीकडं."

"कोणती गोष्ट?"

सुभेदारांनी लगेच सांगायला घेतली. त्यांच्या गोष्टीत गुरूचा सुभेदार झाला होता आणि शिष्यांचे बारा जवान. चाळीस मैलांचा मार्च करून सगळे आलेले. आणि पाय द्यायला जो अडून बसला होता, तो साताऱ्याचा होता.

मी काही दुरुस्त केलं नाही. चहा चांगला झाला होता, मी आणखी अर्धा कप मागून घेतला.