पावसाळ्याआधीची चूल

होळी झाली की मी मागच्या दाराकडं बघायचं टाळते. आमच्या घरामागं पत्र्याची एक शेड आहे. तिच्यात जळण असतं आणि तिच्या तोंडाशी चूल. दर उन्हाळ्यात ती शेड रिकामी करायची, वाळवी लागलेलं लाकूड निवडून बाजूला काढायचं, खालच्या विटा उन्हात टाकायच्या, नवं जळण रचायचं, त्यावर ताडपत्री बांधायची, आणि हे सगळं झालं की जुनी चूल फोडून नवी घालायची. मृग लागायच्या आत. छत्रपती संभाजीनगरचं ऊन डोक्यावर घेऊन. घरात गॅसच्या दोन-दोन टाक्या असताना! हे शेवटचं वाक्य मी लग्न होऊन आले तेव्हापासून म्हणतेय आणि अजून कुणी मनावर घेतलेलं नाही.

मनावर घ्यायचं ते अक्कानं. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. दोघा भावांनी एका प्लॉटवर दोन घरं बांधली. मधली भिंत एक, मागचं अंगण एक आणि चूलही एक. थोरले दीर जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांचा मुलगा नोकरीला पुण्यात. तेव्हापासून पलीकडच्या घरात अक्का एकटीच. पण एकटी नावालाच. सकाळी अंघोळीचं पाणी आणि संध्याकाळी भाकरी, दोन्ही वेळा आम्ही दोघी त्या चुलीपुढं. गॅसवरच्या भाकरीला अक्का भाकरी म्हणत नाही, पापड म्हणते.

आमचं पटतं की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. ती सांगते, मी कुरकुरते आणि काम होतं. अक्का उंच, हाडापेराची, हात लांब. मी बुटकी. ती पाटी उचलून चार पावलं पुढं गेलेली असते आणि मागं न बघता म्हणते, "ये की गं, काय बघायलीस?" या एका वाक्यावर मी आयुष्यात किती वेळा दातओठ खाल्लेत, ते माझं मला माहीत.

या वर्षी होळीला पुतण्या आला आणि जेवताना त्यानं विषय काढला. त्यानं मोठा फ्लॅट घेतला होता, लिफ्टचा, खालीच दवाखाना. "आई, आता पावसाळ्याच्या आत तुला घेऊन जाणार. काकू, तुम्हीच सांगा हिला." त्याचंही चुकत नव्हतं. थंडीत अक्का अंगणात घसरून पडली होती आणि ते त्याला आमच्याकडून नाही, शेजाऱ्यांकडून कळलं होतं. मी मान खाली घालून वरण कालवत राहिले. अक्का एवढंच म्हणाली, "बघू."

अक्काच्या बघूचा अर्थ लावणं हे माझं तेव्हापासूनचं काम होऊन बसलं. विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, "का गं, तुला जड झाले का मी?" आणि खरं सांगायचं तर थकलेल्या दिवशी ती जड व्हायचीसुद्धा. हिचं हे चुलीचं खूळ हिच्याबरोबर पुण्याला गेलं तर माझी कंबर सुटेल, असं मी भांडी घासताना किती वेळा मनात आणलंय. पण सकाळी तिच्या दाराची कडी वाजायला उशीर झाला, की मी हातातलं टाकून भिंतीशी जाऊन उभी राहते. तेही खरंच.

शेवटी मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं. अक्कानं या वर्षी जळण भरलं तर ती राहणार. चार महिन्यांचं लाकूड भरून कुणी घर सोडत नाही.

आणि पाडवा झाल्यावर एक दिवस ती डोक्याला फडकं बांधूनच अंगणात आली. "चल गं, शेड काढू." माझा जीव भांड्यात पडला. कंबर मात्र तिथल्या तिथं दुखायला लागली.

ते दिवस आठवले तरी नको वाटतं. विटांखाली दोन विंचू निघाले. मागच्या ओळीतलं अर्धं लाकूड वाळवीनं पोकळ केलं होतं, हातात घेतलं की भुसा. उन्हानं तोंड सुकायचं, आणि नळाला पाणी यायचा नेम नाही म्हणून हात धुवायचे तेही जपून. शहागंजात जाऊन ताडपत्री आणली. तिथं अक्कानं दुकानदाराला ताडपत्रीची दोन टोकं धरायला लावली, दोन मला धरायला लावली आणि मधल्या खोलगट भागात माझ्या पिण्याच्या बाटलीतलं सगळं पाणी ओतून खाली वाकून बघत बसली. पाणी गळलं नाही. मी घरी येईपर्यंत तहानलेली. पेटवायला कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या माझ्या भावानं बिडकीनहून पाठवल्या. पूर्वी ट्रॉली भरून यायच्या. आता तिकडची रानं कंपन्यांत गेली, तर अर्धा टेम्पो आला. बाभळीचं लाकूड वखारीतून आणलं आणि फोडायला नेहमीचा लाकूडफोड्या बोलावला.

त्यानं पहिले दोन ओंडके दर वर्षीसारखे फोडले. अक्का म्हणाली, "याच्या निम्मं कर. लांबीला पण आखूड."

तो कुऱ्हाड टेकवून बघत राहिला. "अम्मा, इत्ता बारीक काय कू? घडीभर में राख हो जाएगा."

"तू कर. मी सांगायले ना."

बारीक म्हणजे ढलप्या दुप्पट. ढलप्या दुप्पट म्हणजे उचलायला खेपा दुप्पट, बोटांत कुसळं दुप्पट. मी संतापले. "अक्का, आजवर मांडीएवढी लाकडं जाळली आपण. आता काय झालं?"

"बारीक असलं की उचलाया हलकं पडतंय."

"तुम्हाला कधीपासून हलकं लागायला लागलं?"

ती ढलप्या रचत राहिली. साल वरच्या अंगाला, भिंत आणि लाकूड यांच्यात हवा खेळायला हातभर जागा, पेटवायच्या पऱ्हाट्या दाराशी. शेड गच्च भरली. ताडपत्रीची शेवटची गाठ मारली तेव्हा मला ताप भरल्यासारखं होत होतं, पण मन निवांत होतं. एवढं भरलंय, म्हणजे राहतेय.

मग चूल. आता आमच्या खऱ्या भांडणाविषयी सांगायला हवं. चूल घालणारी बाई ती आपल्या अंगाच्या मापानं घालते. तोंड आपल्या वितीएवढं आणि उंची पाटावर बसल्यावर कोपरापर्यंत, म्हणजे तव्यावर भाकरी टाकताना हात सरळ जातो. चूल दर वर्षी अक्का घालायची, त्यामुळे ती तिच्या मापाची. त्या चुलीवर भाकरी करताना मला हात खांद्याइतका वर न्यावा लागायचा आणि धग सरळ तोंडावर. दोन बोटं तरी खाली घ्या, असं मी दर उन्हाळ्यात म्हणायचे. "सवय होईल," असं ती दर उन्हाळ्यात म्हणायची. झाली नाही.

या वर्षी माती भिजवली, तिच्यात भुसा घातला, वरातीचे घोडे पाळणाऱ्याकडून लीद आणून मिसळली आणि तुडवायला अर्थातच मी. पिंढऱ्या भरून आल्या होत्या. तेवढ्यात अक्का म्हणाली, "पाय धू आन् पाटावर बस."

मी बसले. तिनं माझा हात ओढून वीत ताणायला लावली आणि पऱ्हाटीच्या काडीवर नखानं खूण केली. दुसरी काडी जमिनीवर उभी धरून माझ्या कोपराशी आणली आणि तिथं मोडली.

"माझं माप घेताय?"

"मग काय शेजारणीचं घेऊ?"

मला एवढा आनंद झाला की मी पुढं काहीच विचारलं नाही. इतक्या वर्षांनी का होईना, माझं ऐकलं! ती त्या दोन काड्या जवळ ठेवून चिखलाचे गोळे थापत होती आणि मी फुलून आले होते. बारीक लाकडाचा उलगडाही मला तिथंच झाला. माझी वीत लहान, चुलीचं तोंड लहान, त्यात मांडीएवढं लाकूड जाणार कसं? म्हणजे हिनं आधीपासून ठरवलं होतं तर. बाई मनानं वाईट नाही, असंही मी उदार होऊन मनात म्हणून घेतलं.

संध्याकाळी जेवताना नवऱ्याला रंगवून सांगितलं. कसं माप घेतलं, कशी काडी मोडली, शेवटी मीच कशी जिंकले. त्यांनी घास हातातच धरला.

"मग वहिनी कुठं बसणार?"

 एवढी उंच बाई त्या चुलीपुढं बसली तर भाकरी टाकायला तिला कमरेत पार दुमडावं लागेल. तिनं ती चूल स्वतःसाठी घातलीच नव्हती. जळण माझ्यासाठी भरलं होतं, तेही माझ्या वितीच्या हिशोबानं फोडून. मला मेलीला जिंकल्यासारखं वाटत होतं. ताट तसंच ठेवून उठले.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. सावलीत वाळणाऱ्या चुलीला रोज बारीक भेगा पडायच्या आणि रोज सकाळी आम्ही दोघी ओल्या हातानं त्या बुजवायचो. अक्का अंगठा दाबून बघायची आणि म्हणायची, "अजून ओली हाय." ते ऐकलं की मला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. पेटवून दाखवल्याशिवाय ती जायची नाही, हे मला माहीत होतं. बोलणं माझ्या अगदी ओठावर यायचं. पण मग ती म्हणायची, "इकडची भेग दिसंना का तुला?" आणि माझं डोकं फिरायचं, आणि दिवस जायचा. मला राग यायचा तिचा. असं न सांगता सवरता जायचं ठरवतं का कुणी? आणि मला इतकं एकटं वाटायचं, की अंगणात तिच्या शेजारी बसूनही वाटायचं.

पुतण्या गाडी घेऊन आला त्या सकाळी आभाळ भरून आलं होतं. एक बॅग आणि एक पिशवी, एवढंच तिचं सामान. अक्का म्हणाली, "पेटव."

पऱ्हाट्या घातल्या, वर बारीक ढलप्या. पहिल्या काडीला जाळ धरला. मी भाकरी थापली आणि तव्यावर टाकली. हात सरळ गेला. धग तोंडावर आली नाही, खांदा दुखला नाही, भाकरी चुलीच्या तोंडाशी उभी केली तशी टम्म फुगली. मला वाटलं, ही करपली असती तर बरं झालं असतं. अक्का पायरीवर बसून ती भाकरी ठेच्याबरोबर खात होती. मधेच हातानं शेड दाखवून म्हणाली, "लाकूड या कडेनं काढत ये. मधूनच ओढू नको, ढीग अंगावर यील."

"कळतं मला."

पुतण्यानं बॅग उचलली. "आई, पाऊस यायच्या आत निम्मी वाट कापू."

अक्कानं हात धुतला, पदराला पुसला आणि उठायला भिंतीचा आधार घेतला. मी पिठाच्या हातानंच तिचं मनगट धरलं. पुतण्या बघत होता, दारात नवरा उभा होता, मला कशाचीच लाज वाटली नाही.

"अक्का, जाऊ नका."

ती थांबली. माझ्याकडं बघितलं, मग चुलीकडं. खाली वाकून चुलीच्या कडेवर अंगठा दाबून बघितला, सवयीनं.

"आता म्हणायलीस व्हय?" ती म्हणाली. "वाळली की गं चूल."